काठावरचा ठिपका

२ नोव्हेंबर १९७२

माझं आयुष्य नेमकं कुठे बदललं असं कुणी विचारलं तर मी बोट ठेवून दाखवीन. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, बेकरीच्या मागच्या बोळात, तिथे काम करणाऱ्या यित्स्केने माझा गारठलेला हात उचलून स्वतःच्या कोटाच्या खिशात घातला आणि तिथेच राहू दिला, तेव्हा. खिशात पिठाचे कण होते आणि एक तुटकं बटण. मी गप्प राहिलो, आणि मी गप्प राहिलो ही आमच्या गावात बातमीच म्हणायची.

त्याआधीच्या आयुष्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मार्चमध्ये पशुवैद्यक कॉलेज सोडलं. सोडलं म्हणजे एका दुपारी उठलो आणि आगगाडीत बसलो. कारण अगदीच क्षुल्लक. प्रात्यक्षिकात प्रत्येकाने लाकडी काडीने स्वतःचा गाल आतून खरवडायचा, ते काचेवर पसरायचं, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. बाईच्या पेशीत केंद्रकाच्या काठाला चिकटलेला एक गडद ठिपका दिसतो, पुरुषाच्या पेशीत दिसत नाही. शिकवायचं होतं ते इतकंच. माझ्या काचेवर ठिपका होता. शेजारचा पीटर म्हणाला, "हेसेल, पुढच्या बाकावरच्या सास्कियाचा गाल चाटून आलास काय रे?" मी त्याच्या तोंडात दिली. मास्तरांनी माझ्या काचेवर डोळा लावला, बराच वेळ लावला, आणि हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही तास संपल्यावर जरा थांबा." तो हळू आवाज मला जास्त झोंबला. मी थांबलो नाही.

काचा बदलल्या होत्या. वर्गात नेहमीच बदलतात.

बाबा तेव्हापासून माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी गोठ्यात असलो की गायीला सांगतात, "काय गं, आपल्याकडे अर्धा डॉक्टर आलाय. पुढचा अर्धा की मागचा, ते अजून कळायचंय."

४ नोव्हेंबर

चार दिवस धुकं हललेलं नाही. कालव्याच्या पलीकडची गवताळ जमीन दिसत नाही. गायी दिसत नाहीत, त्यांचा श्वास ऐकू येतो.

आमच्या कळपात एक बिननावाची कालवड आहे. जुळ्यातली. तिच्याबरोबर गोऱ्हा जन्मला, तो विकला. आमच्याकडे अशा कालवडीला क्वेन म्हणतात आणि नाव ठेवत नाहीत, कारण ती गाभण राहत नाही. दोन हिवाळे खाऊ घालायचं आणि नोव्हेंबरात कापायचं. कारण मला ठाऊक आहे, तेवढं तरी मी शिकलो. गायीच्या पोटात जुळ्यांच्या नाळा-वारा एकमेकींना जुळतात, रक्तवाहिन्या एक होतात. भावाच्या रक्तातले हार्मोन बहिणीत शिरतात आणि तिचं गर्भाशय घडायच्या आतच विरघळवून टाकतात. ती बाहेरून कालवड, आतून कोणीच नाही.

हिची मान जाड आहे. आवाज बैलाचा. संध्याकाळी मी बांधावरून चाललो की कालव्याच्या त्या बाजूने ती माझ्याबरोबर चालते. दिसत नाही, खुरं चिखलातून निघताना आवाज होतो तेवढाच. मी थांबलो की ती थांबते.

"जीव जडलाय तिचा तुझ्यावर," आई म्हणाली.

मला वाटतं तिला यित्स्केचा वास येत असावा माझ्या कोटाला. यित्स्केही जुळ्यातली आहे. तिचा भाऊ आउके बोटीवर असतो.

हे लिहायला नको होतं.

७ नोव्हेंबर

आज यित्स्केनेच विषय काढला. बेकरी बंद झाली होती, ती परातीतला मसाल्याच्या बिस्किटांचा चुरा गोळा करत होती.

"तुझे बाबा मला काय म्हणतात ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "शाळेपासून ऐकतेय. मुलं माझ्या मागून हंबरायची."

"मी त्यांची थोबाडं..."

"तू कुणाचीही थोबाडं फोडू नकोस. ऐक. मला पाळी उशिरा आली, सतराव्या वर्षी. अजून कधी येते, कधी दोन महिने येत नाही. डॉक्टर म्हणतात होईल नीट. पण मी रात्री पोटावर हात ठेवून झोपते आणि मला वाटतं, आत काहीच नाही. आउकेनं पोटातच सगळं नेलं."

मग ती परात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "तू ते शिकलास ना, आत बघायचं? मग माझ्यात बघ. खोटं सांगणार नाहीस ना?"

मी शपथ घेतली. आईस्क्रीमची काडी उकळून घेतली. तिने बत्तीखाली तोंड उघडलं आणि डोळे मिटले. तिच्या गालाच्या आतला भाग मी काडीने इतका जपून खरवडत होतो की ती तशाच उघड्या तोंडाने हसली.

"लग्न करीन तुझ्याशी," ती नंतर म्हणाली, "पण आधी हे कळू दे. आणि मग मला चार मुलं हवीत, कमी नाही. बाबागाडी घेऊन रोज तुमच्या फाटकासमोरून जाणार. ऊन असो, पाऊस असो."

८ नोव्हेंबर

काच मेन्नोला पाठवली. मेन्नो माझा एकमेव मित्र, अजून कॉलेजात आहे, प्रयोगशाळेच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात. नियमाप्रमाणे तुलनेला पुरुषाची काचही हवी, म्हणून माझीही एक केली. 'अ' यित्स्के, 'ब' मी. काचा कुणाच्या ते त्याला सांगितलेलं नाही, म्हणजे तो लबाडी करणार नाही. माझ्या काचेवर काही नसेल. आणि पीटरच्या तोंडात दिली ती योग्यच होती हेही एकदाचं सिद्ध होईल.

११ नोव्हेंबर

संत मार्टिनचा सण. अंधार पडायला लागला तशी पोरं बीट पोखरून केलेल्या कंदिलांसह दारोदार गात फिरू लागली. धुक्यात पोरं दिसत नव्हती, कोरलेले चेहरेच तरंगत येत होते, पिवळे, दात विचकलेले. आई गोठ्यात होती, म्हणून दार मी उघडलं. अंगावर तिची शाल होती, थंडी म्हणून घेतलेली. सगळ्यात पुढची लहान पोरगी गाणं अर्धं सोडून माझ्याकडे बघत राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "आम्हाला गोळ्या."

मागची मोठी मुलगी तिला कोपराने ढोसून म्हणाली, "अगं, तो हेसेल आहे." पोरगी बघतच राहिली. तिला ते पटलं नव्हतं.

मी मूठभर गोळ्या दिल्या आणि दार लावलं. आरशासमोर उभा राहिलो. माझी दाढी येत नाही फारशी, हे खरं. एक पातं वर्षभर पुरतं. आमच्या घराण्यात सगळे फिकट केसांचे. सैन्याच्या तपासणीत मला नाकारलं, छाती नाजूक म्हणाले. तो लष्करी डॉक्टर माझ्या छातीकडे आणि खाली बघून काहीतरी लिहीत होता आणि मला म्हणाला, "घरच्या डॉक्टरांना दाखवा एकदा." दाखवून काय करायचं? तो सोडला तर मी आठ वर्षं कुणासमोर शर्ट काढलेला नाही. उंच माणसाची छाती अशी मऊ राहते कधीकधी. विजारींच्या खालच्या दुमडी आई अजून दरवर्षी उसवते, पाय लांबतच चाललेत.

बाहेर दूरवर ती कालवड ओरडली. पोरं गायची थांबली.

१४ नोव्हेंबर

आज कापली. हारमेन काका आले. ते वडिलांचे चुलत भाऊ, गावचे खाटीक, सगळ्यांच्या घरी जाऊन कापतात. बाबा तिला आणायला गेले तर येईना. मी गेलो तर न ओढता आली. दोरीही लागली नाही. माझ्या खांद्याला नाक लावून आली. हारमेन काका म्हणाले, "बघ रे, नवरदेवाबरोबर निघाली."

मी पाठ फिरवली नाही, फिरवता आली नाही.

ती टांगल्यावर काकांनी मला हाक मारली. "ये डॉक्टर, बघ. शहरात हे दाखवत नाहीत." त्यांनी बोटाने एक पांढरा दोरा उचलला. गर्भाशय असायला हवं तिथे तो दोरा होता, कशालाच न जोडलेला. वरच्या टोकाला घेवड्याच्या दाण्याएवढ्या दोन गाठी.

"हे धड बीजकोश नाहीत, धड वृषण नाहीत," काका म्हणाले. "कुणीतरी काम सुरू केलं आणि उठून गेलं."

मास्तर एकदा म्हणाले होते ते आठवलं. माणसाचंही सुरुवातीचे काही आठवडे असंच असतं. प्रत्येकाच्या पोटात दोन्ही वाटा तयार असतात, मुलगा होणाऱ्याच्याही आणि मुलगी होणाऱ्याच्याही. मग वाय गुणसूत्र असलं तर ते वृषण घडवतं. वृषणातून दोन हार्मोन सुटतात. एक पुरुषाची वाट बांधतो, दुसरा बाईची वाट पुसतो. कुणीच काही सांगितलं नाही तर देह बाईच्या वाटेने जातो. वर्गात आम्ही हसलो होतो. आज हसू आलं नाही. आपण सगळे कधीतरी दोन्ही होतो आणि आतला एक जण आवाज न करता नाहीसा झाला.

संध्याकाळी बांधावरून आलो. पलीकडे चिखलातून खुरं निघण्याचा आवाज येत होता. दुसरी कुठली गाय असेल. मी थांबलो तेव्हा तीही थांबली.

१७ नोव्हेंबर

मेन्नोचा फोन, कॅफेत. मालकीण कपबशा पुसत कान लावून होती, म्हणून मी जेवढ्यास तेवढंच बोलत होतो.

"दोन्ही पोरी ठणठणीत आहेत," मेन्नो म्हणाला. "दोघींतही ठिपका, एकदम स्वच्छ. कोण आहेत रे या? एकीला पटवतोयस का दोघींना?"

"नीट बघितलंस?"

"आंधळा आहे का मी? आणि ऐक, तू पत्रात जुळ्यांचं लिहिलंयस. गाढवा, तू मार्चमध्ये पळालास आणि ते एप्रिलमध्ये शिकवलं. मुलगा-मुलगी जुळी असली तर माणसांत रक्तवाहिन्या तशा जुळत नाहीत. ते गायीचं दुखणं आहे, बाईचं नाही. भावाबरोबर जन्मलेल्या बायांना पोरं होतात, माझ्या आत्यालाच पाच आहेत. ठिपक्यानं तिला दोन एक्स आहेत एवढंच कळतं, बाकीचं डॉक्टरला विचार. पण ते क्वेनबिन डोक्यातून काढ."

म्हणजे आमचं सगळं गाव पिढ्यानपिढ्या गोठा बघून बायांना नावं ठेवत आलं. आणि मीही अर्धं शिकून तेच मानत होतो.

यित्स्के सुटली. मला आनंदाने ओरडायला हवं होतं.

मेन्नो निष्काळजी आहे. पहिल्यापासूनच. 'ब' समजून त्याने पुन्हा 'अ'च बघितली असणार.

१८ नोव्हेंबर

पुन्हा काच केली, तोंड तीनदा धुऊन, नवी काडी घेऊन. या वेळी फक्त माझी. पत्रात मेन्नोला दोन शिव्या घातल्या.

रागाने पाणी पिताना पेल्याच्या काठाला माशी बसलेली दिसली. ती उडेना. बोट लावलं तर तिथे माशी नव्हती, काचेतच काळा कण होता.

२० नोव्हेंबर

यित्स्केला सांगितलं, तिच्या काचेबद्दल आणि जुळ्यांबद्दल. तिने आधी विश्वास ठेवला नाही. दोनदा सांगायला लावलं. मग पिठाच्या पोत्यावर बसली आणि तोंडावर एप्रन घेऊन रडली. तिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मग उठून म्हणाली, "उद्यापासून हंबरू देत त्यांना हवं तेवढं. मला ऐकूही येणार नाही."

तिने माझ्या तोंडाचे मुके घेतले. तिच्या हाताला दालचिनीचा वास होता. "आणि तू काय रे? तुझा चेहरा का असा पडलाय? तू माझ्यापेक्षा घाबरला होतास वाटतं."

मी म्हणालो, हो.

२५ नोव्हेंबर

मेन्नोचं पत्र आलं. आहे.

२७ नोव्हेंबर

डॉक्टर पॉस्टमांकडे गेलो. ते म्हातारे आहेत, गावातली निम्मी माणसं त्यांच्याच हातांवर जन्मली. मी काचांचं सांगितलं तसं त्यांनी पाइप खाली ठेवला. मला उभं केलं, हातांची लांबी मोजली, छाती पाहिली, मग खाली. खाली फार वेळ लागला नाही.

"दुखतं का इथे दाबलं तर?"

"नाही."

"हं. फार लहान राहिलेत. घट्ट आहेत." जावयाशी बोलावं तसं ते बोलत होते. "हेसेल, बस. रक्त शहरात पाठवू, त्याशिवाय मी शपथेवर काही सांगणार नाही. पण मला वाटतं तुझ्यात एक्स दोन आहेत आणि वायही आहे."

"म्हणजे मी कोण?"

"पुरुष. वाय होता म्हणून वृषण झाले, वृषण झाले म्हणून तू पुरुष झालास. त्यात शंका घेऊ नकोस. जादा एक्समुळे ते मोठेपणी पुरतं काम करत नाहीत, हार्मोन कमी पडतो. म्हणून दाढी नाही, म्हणून छाती अशी. त्यावर इंजेक्शनं आहेत, दाढी येईल, ताकद येईल."

"आणि तो ठिपका?"

त्यांनी पाइप पुन्हा उचलला. "पेशीला जागता असा एकच एक्स लागतो. जादा असला की ती त्याला गुंडाळून काठाला निजवते. तो निजलेला एक्स म्हणजे तुझा ठिपका. पूर्ण निजत नाही, एवढाच घोटाळा."

मग मला विचारायचं होतं ते विचारलं नाही. त्यांनीच वीर्यासाठी एक बाटली दिली आणि म्हणाले, हेही शहरात पाठवू.

परत येताना धुक्यात मला माझ्या अंगाची जशी जाणीव झाली तशी कधीच झाली नव्हती. बोटात, पापणीत, जिभेवर, माझ्या कणाकणात कुणीतरी अंग आखडून झोपलेलं आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून. आणि ते अधूनमधून कूस बदलतं.

६ डिसेंबर

काल संत निकोलसची संध्याकाळ. यित्स्केला पहिल्यांदाच आमच्या घरी बोलावलं होतं. रिवाजाप्रमाणे पोत्यात पुड्या, पुडीबरोबर टोमणा मारणारी कविता, खाली सही 'संत निकोलस', आणि कुणी लिहिली ते विचारायचं नाही. हारमेन काकांना साबण मिळाला, आईला कुणीतरी तिच्याच बडबडीवर आठ ओळी लिहिल्या होत्या. सगळे हसत होते. मग यित्स्केची पुडी. आत बदामाच्या लगद्याचं वासरू, गुलाबी, नाकपुड्याही कोरलेल्या. तिने कागद उलगडून स्वतःच मोठ्याने वाचला:

"भावासंगे जन्मा आली गोठ्यामधली राणी,
दूध नाही, वासरू नाही, नुसतं वैरण-पाणी."

कुणी हसलं नाही. बाबा पाइपमध्ये तंबाखू भरत होते, मान खाली.

मी उठलो. यित्स्केने न बघता माझी बाही धरून मला खाली बसवलं. वासराचं डोकं मोडून तोंडात टाकलं आणि चावत, बाबांकडे बघत म्हणाली, "चांगलं झालंय. मीच केलंय ना. परवा दुपारी ऑर्डर आली, तेव्हाच ठाऊक होतं कुणासाठी आहे. नाकपुड्या कोरायचे जास्त पैसे घ्यायचे राहिले तुमच्याकडून."

हारमेन काकांनी बाबांच्या मांडीवर थाप मारली. "पकडलं तुला, सापडलास."

"आणि आता ऐकाच," यित्स्के बाबांना म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नाही. "मी पुढच्या निकोलसला नाही म्हणत, पण त्याच्या पुढच्याला तुमच्या मांडीवर नातू आणून ठेवते. तो तुमच्या विजारीवर मुतेल. तेव्हा कविता मी लिहीन."

सगळे हसले. आईसुद्धा. बाबाही, मिशीत. हारमेन काका म्हणाले, पोरगी घ्या रे ही घरात.

तिने माझ्याकडे पाहिलं. हारमेन काकांसमोर, म्हणजे अख्ख्या गावासमोर तिने पैज लावली होती, माझ्या जिवावर. मी हसलो. माझा हसलेला चेहरा खिडकीच्या काळ्या काचेत दिसला आणि क्षणभर मला वाटलं, माझ्या मागे उभा राहून कुणीतरी दुसराच हसतोय.

१२ डिसेंबर

डॉक्टरांनी बोलावलं. रक्ताचं तेच. बाटलीतलंही आलं. एकही शुक्राणू नाही. निर्जीव सापडले असंही नाही, मुळातच नाहीत.

"मूल?" मी शेवटी विचारलं.

"तुझं स्वतःचं, नाही. मला माफ कर." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "लग्न करता येतं, हेसेल. संसार करता येतो. पण तिला सांगूनच. मी कुणाला सांगणार नाही, मला परवानगी नाही. तुला आहे."

इंजेक्शन नववर्षानंतर सुरू.

मी लिहितोय ते खरं लिहायचं म्हणून लिहितो. घरी येताना पुलावर मी थांबलो आणि माझ्या डोक्यात आलं: तिला न सांगितलं तर? दोन वर्षं, तीन वर्षं मूल होणार नाही. कुणी मला विचारणार नाही. माझ्याकडे कुणी बघणारसुद्धा नाही. हा विचार माझा नव्हता असं म्हणावंसं वाटतं. आत निजलेल्याचा होता असं. पण तो माझ्याच आवाजात होता.

१३ डिसेंबर, संध्याकाळी

आज दुपारच्या जेवणाला आम्ही तिघंच होतो. उकडलेले बटाटे, कांद्याचा रस्सा. बाबांनी निकोलसपासून पहिल्यांदा यित्स्केचं नाव काढलं.

"जीभ चांगली आहे पोरीला," ते आईला म्हणाले. "हसू दे आत्ता. दोन वर्षांनी पाळणा रिकामाच राहिला की जीभ आपोआप आत जाईल."

मी काटा खाली ठेवला. इतका राग आला होता की आवाज हळू निघाला.

"पाळणा रिकामा राहील, बाबा. तिच्यामुळे नाही, माझ्यामुळे. तिच्यात काही उणं नाही. मी तपासून घेतलंय. मला मूल होणार नाही. जन्मापासूनच तसं आहे."

आणि मग सगळं सांगितलं, ठिपका, एक्स, बाटली. आईने हातातला डाव भांड्यात सोडून दिला. तिचा चेहरा बघून मला कळलं की तिला नाव ठाऊक नव्हतं, बाकी काहीतरी फार पूर्वीच ठाऊक होतं. "तू बोलायला लागलास तेव्हा तिसरं वर्ष संपलं होतं," एवढंच ती म्हणाली. "मला वाटायचं, मी काहीतरी खाल्लं असेन पोटुशी असताना."

"काही खाल्लं नव्हतंस, आई. ते असंच होतं, कुणाच्याही हातात नसतं."

बाबा बराच वेळ बटाटा चिरडत राहिले. मी त्यांच्या शिव्यांची वाट बघत होतो. शिवी आली असती तर बरं झालं असतं.

"कुणाकुणाला सांगितलंस?" त्यांनी विचारलं. मला. माझ्याकडे बघून.

"डॉक्टरांना ठाऊक आहे. आणि आता तुम्हाला."

"पोरीला?"

"नाही अजून."

"मग सांगू नकोस." ते शांतपणे बोलत होते, वासराचा सौदा करावा तसे. "लग्न कर. इंजेक्शनं घे, मिशा येऊ देत. मूल नाही झालं तर गाव तुझ्याकडे बोट दाखवणार नाही. गावाचं उत्तर तिच्या जन्मापासून ठरलेलं आहे. ती आउकेबरोबर जन्मली आहे, हेसेल. तुला काहीच करायचं नाही, फक्त गप्प बसायचं आहे."

त्यांनी ते प्रेमाने सांगितलं. माझा बाप आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर इतकं प्रेम करत होता.

पुलावर माझ्या डोक्यात आला होता तोच विचार, शब्दन्‌शब्द. आतल्या कुणाचा नव्हता तर. आमच्या घरचाच होता. स्वयंपाकघरात पिढ्यानपिढ्या ठेवलेला, हवा तेव्हा काढायचा. यित्स्के माझ्याशेजारी म्हातारी होईल, मुलं तिच्या मागून हंबरतील, ती रात्री पोटावर हात ठेवून निजेल आणि मी कुशीवर वळून झोपेचं सोंग घेईन. मला ते घर दिसलं, त्यातली खिडकी, पडदेसुद्धा. त्यात राहणारा तो माणूस मला ठिपक्यापेक्षा जास्त भयंकर वाटला. ठिपक्याने कुणाचं वाईट केलेलं नाही.

वर येऊन हे लिहून काढतोय, म्हणजे तिच्यासमोर शब्द शोधावे लागणार नाहीत. म्हणेन, यित्स्के, तू मला खोटं सांगू नकोस म्हणालीस. मी खोटं सांगितलं नाही, पण अर्धंच सांगितलं. दुसरी काच माझी होती. तू चार मुलं म्हणालीस. माझ्याकडून एकही नाही. तू गावासमोर पैज लावलीस तेव्हा मला शंका असूनही मी हसलो, त्याबद्दल तू माझ्या तोंडात दे. तुला दुसऱ्या कुणाशी लग्न करून बाबागाडी फिरवायची असेल तर मी रस्त्यात उभा राहणार नाही. इथवर ठीक आहे. यापुढचा प्रश्न तिच्यासमोरच विचारायचाय, म्हणून तो लिहीत नाही.

ती काय म्हणेल मला ठाऊक नाही. हसणार नाही, एवढं कळतं.

बेकरी सहाला बंद होते. खाली बाबा पुन्हा टेबलाशी येऊन बसलेत. स्वयंपाकघरातून त्यांच्यासमोरूनच जावं लागेल. आई जिन्याखालून विचारतेय, कॉफी ठेवू का. नको म्हणालो. कोट घातला. खिडकीबाहेर धुक्यात काहीतरी हललं आणि थांबलं; असू दे, माझ्याबरोबर चालायचं असेल तर चालू दे.

वही उघडीच टेबलावर ठेवतोय. बाबांना वाचायची असेल तर वाचू देत. निघालो. मागे दार लावून घेतो.